लाइट गेली, अपग्रेड अर्ध्यावर

देवरूखजवळच्या आंबवला १९९८ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढच्याच मार्चमध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीची २.१ आवृत्ती आली आणि त्याबरोबर पॅकेजे बसवणारे ‘एपीटी’. दोन्ही गोष्टी आपापल्या वाटेने आल्या, पण संगमेश्वर तालुक्यातल्या ज्या मुलांनी लिनक्सला हात घातला, त्यांच्या वाट्याला एपीटीचे सुख आणि त्रास दोन्ही आले.

त्याआधीचा छळ वेगळा होता. रेड हॅट लिनक्सवर आरपीएम पॅकेजची फाइल हाताने बसवायला घेतली की ती एखादी लायब्ररी मागे. ती आणावी, तर तिला आणखी दोन हव्या असत. या फेऱ्याला जगभर ‘डिपेंडन्सी हेल’ म्हणत. एपीटीने ही साखळी स्वतःच सोडवली, हे त्याचे थोर काम. सीडीवरूनही ते चाले. सुरक्षेची ताजी पॅकेजे मात्र नेटवरूनच घ्यावी लागत, आणि कोकणातल्या गावात तिथेच घोडे अडे.

डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूच्या सीडी पूर्वी टपालाने फुकट घरी येत. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. त्या सीडीत साधे एमपी३ गाणे वाजवणारे कोडेकही नसे. पेटंटच्या अडचणीमुळे ते वेगळे ठेवलेले, म्हणजे गाण्यासाठी पुन्हा नेट.

भारनियमनाच्या वर्षांत खरी परीक्षा अपग्रेडच्या वेळी होई. पॅकेज आधी उलगडले जाते, मग जुळवले जाते. मधेच लाइट गेली की काही पॅकेजे नुसती उलगडलेली राहत आणि पुढच्या वेळी टर्मिनल सांगे, ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीचे काम मधेच तुटले. त्यावरची आज्ञाही तिथेच लिहिलेली असते. पण पहिल्यांदा हे पाहणाऱ्या मुलाला सगळे काम बुडाले असेच वाटते.

वेळापत्रकाचाही जाच होताच. उबुंटूच्या साध्या आवृत्त्यांना आधी १८ महिने आधार मिळे. २०१३ मधल्या १३.०४ पासून तो ९ महिन्यांवर आला. शैक्षणिक वर्षापेक्षाही कमी! मुदत संपली की पॅकेजे जुन्या सर्व्हरवर हलवली जातात आणि नेहमीच्या पत्त्यावर ४०४ येतो. पाच वर्षे टिकणारी एलटीएस आवृत्तीच प्रयोगशाळेत शोभते.

मराठीतून शिकवणारे कुणी होते का? होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरचा पाठ मराठीतही आहे, आणि त्यात प्रॉक्सी कशी भरायची हेही दाखवले आहे. कॉलेजच्या नेटवर पहिली ठेच प्रॉक्सीचीच लागते, हे तो पाठ रचणाऱ्यांना ठाऊक होते.

मग उबुंटूत ‘स्नॅप’ ही पॅकेजांची नवी पद्धत आली. लायब्ररी सोबतच बांधून दिल्याने डिपेंडन्सीचा वाद मिटला, पण डाउनलोड फुगले. २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्ससुद्धा स्नॅप झाला. स्नॅप दिवसातून चारदा आपणहून अपडेट तपासते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढणाऱ्याला हे परवडत नाही. उबुंटूवर बेतलेल्या लिनक्स मिंटने २०२० मध्येच स्नॅपला दाराबाहेर ठेवले, ते योग्यच केले.

या सगळ्यात देवरूखसारख्या गावाची अडचण नेमकी ओळखली ती रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने. त्यांच्या ‘एपीटी-ऑफलाइन’मध्ये तीनच पायऱ्या आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर ‘सेट’ म्हणून हव्या त्या पॅकेजांची यादी पेन ड्राइव्हवर घ्यायची, नेट असेल तिथे ‘गेट’ने ती उतरवायची, परत येऊन ‘इन्स्टॉल’. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ६४,००० हून अधिक पॅकेजे आहेत. त्यांत हेही एक आहे.