आईची वही आणि ऐंशी रुपयांची शाई

आमच्या आईचं माहेर धारवाडचं आणि सासर बेळगावचं. तिच्या वहीतही ही दोन्ही घरं नांदायची. मराठी लिहायची ते निळ्या शाईनं आणि कन्नड लिहायची ते लाल शाईनं. असं का, म्हणून विचारलं की म्हणायची, "गडबडीत पान उघडलं तर कुठल्या जिभेनं वाचायचं ते लांबूनच कळावं." निळ्यात पुरणाचं प्रमाण, बाळंतिणीचे काढे, मंगळागौरीची गाणी. लाल शाईत आज्जीनं सांगितलेलं करदंट, होळिगे सारु आणि बीसुकल्लिन पद, म्हणजे आपल्या जात्यावरच्या ओव्या. एकूण चौसष्ट पानं, त्यातली बारा कन्नड.

आई २०१३ साली गेली. वही एक आणि वारस तिघं. अक्का धारवाडला, दादा गोकाकला आणि मी लग्न झाल्यापासून बडोद्याला. २०१५च्या दिवाळीत ठरलं, की वही मी महिनाभर घेऊन जायची, घरच्या प्रिंटरवर तिच्या रंगीत प्रती काढायच्या आणि मूळ वही दादाकडे द्यायची. रंगीतच हव्यात असा आग्रह माझा. लाल-निळं गेलं तर आईच गेल्यासारखं.

पहिली दहा-बारा पानं झाली आणि काडतुसं संपली. कंपनीची नवी चार घ्यायची म्हणजे अडीच हजारांना फोडणी. रावपुऱ्यातल्या एका दुकानदारानं चार बाटल्या समोर ठेवल्या. काळी, निळी, गुलाबी, पिवळी. बाटलीला ऐंशी रुपये आणि वर एक सुई फुकट. "कोई बी प्रिंटर मा चालशे, बेन," असं त्यानं सांगितलं. बाटलीवर नाव नाही, तारीख नाही, नुसतं 'इंक' असं चिकटवलेलं. मला तर वाटलं, बडोद्यात येऊन व्यवहार शिकले. सुईनं शाई भरली, हात आठ दिवस जांभळे होते, पण तीन प्रती झाल्या. सुरेख झाल्या. दुकानात स्पायरल करून घेतल्या.

आधी गेला प्रिंटर. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही बेळगावला आलो. बडोद्याचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची भट्टी. परत येऊन पाहिलं तर कागदावर नुसते पांढरे पट्टे. दुरुस्तीवाल्या मुलानं मशीन उघडलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. शाई ज्या तोंडातून बाहेर पडते तिथली भोकं केसाहूनही बारीक असतात. काही प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोरावर उडवतात, काहींत तापवत नाहीत, नुसत्या दाबानं ढकलतात. दोघांना लागणारी शाई वेगळी. किती पातळ, किती लवकर वाळणारी, किती गाळलेली, हे सगळं त्या त्या तोंडासाठी ठरवलेलं असतं. "सगळ्यांना चालणारी" शाई म्हणजे सगळ्या पायांना बसणारी चप्पल! त्यातून मी जुन्या शाईच्या शिल्लक थेंबांवर नवी ओतलेली. दोन परक्या शाया एकत्र आल्या की कधीकधी दुधात लिंबू पिळल्यासारखं होतं, गाळ धरतो. ज्या काडतुसात तोंड काडतुसालाच असतं तिथं काडतूस बदललं की सुटका. माझ्या मशीनमध्ये ते मशीनलाच होतं. नवं तोंड बसवायचा खर्च मशीनपेक्षा जास्त. हसून सोडून दिलं. मशीनच ते, त्याचं काय एवढं.

२०१९चा पावसाळा मात्र आमच्या घराच्या लक्षात राहिला. ३१ जुलैला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यांवर आल्या ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. अक्का आणि दादा रोज फोन करून आमची चौकशी करत होते. आठवडाभरातच फोनची दिशा उलटली. गोकाकात घटप्रभेचं पाणी शिरलं. दादाच्या घरी खालच्या खोलीत कपाट होतं, कपाटात आईची वही आणि त्याची प्रतही. माणसं सुखरूप, एवढं देवानं पाहिलं. पाणी उतरल्यावर दादानं फोन केला आणि बराच वेळ बोलेचना. वहीचा लगदा झाला होता. फाउंटन पेनाची शाई, ती पाण्यात किती टिकणार? फक्त शेवटच्या पानावर आईनं शिसपेन्सिलीनं लिहिलेला दुधाचा हिशोब जसाच्या तसा वाचता येत होता. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, असतं ग्राफाइट, म्हणजे कार्बन. त्याला पाणी काही करत नाही. तिच्या चौसष्ट पानांतलं काय राहिलं, तर गवळ्याचं देणं.

"प्रती आहेत ना रे," मी त्याला म्हटलं आणि मागे वळून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं.

हे सांगायला लाज वाटते. कन्नड पानं मी स्पायरलमधून सोडवून खिडकीसमोरच्या भिंतीवर ओळीनं चिकटवली होती. मुलगी गुजरातेत वाढलेली, तिच्या डोळ्यांवरून आज्जीची अक्षरं रोज जावीत म्हणून. रोज दिसणाऱ्या माणसाचं वय वाढलेलं कळत नाही, तसंच झालं. त्या दिवशी नीट पाहिलं, तर लाल अक्षरं नव्हतीच. पांढऱ्या कागदावर हळदीचं बोट पुसावं तशा फिक्या पिवळ्या रेघा होत्या. मधूनमधून आईनं निळ्यानं लिहिलेले मथळे हिरवट होऊन उभे होते. अक्काला फोन केला. तिची प्रत ओट्याजवळ असायची. ओल्या हातांनी उघडून उघडून तिच्यातल्या लाल पानांचे नुसते गुलाबी ढग झालेले. फाइलीत मिटून ठेवलेली माझी मराठी पानं तेवढी बरी होती. आईचं सासर राहिलं, माहेर उडालं.

आपल्याकडे इरकल घेताना बायका पदराचं टोक ओलं करून रुमालावर घासतात. रंग पक्का की कच्चा? शाईलाही हाच प्रश्न विचारायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. प्रिंटरची शाई दोन जातींची. एक रंग पाण्यात विरघळवलेली, दुसरी रंगाची अतिबारीक पूड द्रवात तरंगत ठेवलेली. विरघळलेला रंग चकचकीत दिसतो, पण पाणी, ऊन आणि हवेतला ओझोन त्याला सहज खातात. पुडीचा रंग धागे धरून बसतो, बराच जास्त टिकतो. कंपन्याही विरघळणारी शाई विकतात, पण चांगल्या शाईत टिकाऊ रंग निवडलेला असतो. बेनामी बाटलीत सगळ्यात स्वस्त तो, आणि बहुतेकदा आधी उडतो तो गुलाबी. प्रिंटरमध्ये लाल रंगाची बाटली नसतेच. लाल होतो गुलाबी आणि पिवळ्याच्या मिश्रणातून. गुलाबी उडाला की उरतो पिवळा. निळ्या अक्षरांतूनही गुलाबी गेला, म्हणून ती हिरवट झाली.

आणि हे सगळं कुठे घडावं, तर बडोद्यात! सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं इथं कलाभवन उभं राहिलं. रंगाईचं रसायन तिथं शिकवलं जाई. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. मुंबईतल्या राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं, तो डाग काढला तोही याच गज्जरांनी. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं आहेत. काजळीच्या शाईनं लिहिलेली जुनी पोथी कधी पाहा, अक्षर काल लिहिल्यासारखं काळं असतं. काजळीही कार्बनच. कन्नडमध्ये भांड्याच्या बुडाची काजळी ती मसी आणि शाई तीही मसीच. भाषेला जे ठाऊक होतं ते मला नव्हतं. खरं तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले असते तरी चाललं असतं. त्याची काळी पूड कार्बनचीच, उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेली. लाल-निळं गेलं असतं, पण अक्षर राहिलं असतं. मी तर नुसतं कॉपीचं बटण दाबत गेले. स्कॅन करून फाइल साठवून ठेवायचंही सुचलं नाही.

मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टला, रेल्वेच्या तिकिटाला स्वस्त शाई बिनधास्त वापरा. मीही वापरते. नावाजलेल्या इतर कंपन्यांची, तुमच्याच मॉडेलचा नंबर बाटलीवर छापलेली भरणाशाई चांगली निघते, आणि आता तर टाकीवाले प्रिंटर आल्यापासून मूळ शाईही पूर्वीइतकी महाग राहिली नाही. पण जे पान नातवंडांनी वाचावं असं वाटतं, त्याआधी एक पट्टी छापा. अर्धी जाड पुठ्ठ्यानं झाका, महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. दुसऱ्या पट्टीवरून ओलं बोट फिरवा. इरकलीची परीक्षा, तीच.

आमच्या वहीचं पुढे काय झालं ते सांगते. शेजारचा एक मुलगा छायाचित्रणाचा नाद असलेला. भिंतीवरची पानं पाहून म्हणाला, "मावशी, पिवळं आहे ना अजून? मग गेलं नाही." पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो. म्हणून पान स्कॅन करून त्यातला फक्त निळा भाग वेगळा काढला, की पिवळं जिथं आहे तिथं काळपट दिसतं. त्यानं पडद्यावर काहीतरी सरकवलं आणि रिकाम्या पानातून आईचं कन्नड अक्षर वर आलं. करडं, तुटक, पण तिचंच. बारापैकी नऊ पानं वाचता आली. ओव्यांचं एक पान पूर्ण गेलं.

करदंटाचं पान आलं, एका आकड्यासकट अडलेलं. बेल्ल किती वाट्या, तिथं कन्नड दोन आहे की तीन, ते काही केल्या कळेना. दोन्ही आकड्यांत फरक एका वळणाचा, आणि ते वळणच उडालेलं. फोटो अक्काला पाठवला. तिनं चष्मा लावून पाहिलं, दादाला दाखवलं, गोकाकातल्या दुकानदारालाही विचारलं. त्यानं अर्थातच सांगितलं नाही.

"दोननं करून बघ," अक्का म्हणाली. "वडी धरली नाही, तर तीन असेल."