सातव्यातलं की आठव्यातलं?

'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.' बेळगाव काय, हुबळी-धारवाड काय, धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यांकडे कामाला जाणाऱ्यांची घरं काय, आजीबाईंचं हे महिन्यांचं गणित सगळीकडे ऐकायला मिळतं. गणित साफ चुकलेलं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना बळ देतो. आठव्यातलंच जास्त तगतं.

डॉक्टरही अंदाज बांधतात. 2008 साली अमेरिकेत 22 ते 25 आठवड्यांच्या बाळांसाठी पाच प्रश्नांचा हिशेब मांडला गेला: आठवडे किती, वजन किती, मुलगा की मुलगी, एकटं की जुळं, आणि आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं का. मुलगी असली तर जणू एक आठवडा जास्त भरल्याचा फायदा (नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांनी लक्षात ठेवावं). शंभर ग्रॅम वजन जास्त असलं तरी साधारण तेवढाच.

वजन काटा सांगतो. आठवडे कोण सांगणार? पाळी कधीची, तर 'गणपतीच्या आसपासची'. 1800 ग्रॅमचं बाळ 32 आठवड्यांचं असू शकतं, नाहीतर 37 आठवडे भरून पोटातच उपाशी राहिलेलं. मग डॉक्टर तळपाय बघतात: दिवस भरत आलेल्या बाळाच्या तळव्यावर टाचेकडे सरकत गेलेल्या रेघा असतात, अपुऱ्याच्या फक्त बोटांकडे. कानाची पाळी दुमडून सोडतात. कोवळी असेल तर ती सावकाश उलगडते.

आठवडे नक्की न कळण्याची ही अडचण किती महागात पडू शकते? सहा देशांत (आपल्याकडे बेळगाव आणि नागपूर इथे) गावपातळीवर स्टेरॉइडचं ते इंजेक्शन देऊन पाहिलं. 2015 मध्ये निकाल आला: चिमुकल्या बाळांना फायदा नाहीच, उलट एकूण नवजात मृत्यू हजारी 23.9 ऐवजी 27.4. इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच जणींचं बाळ अपुऱ्या दिवसांचं नव्हतंच! पुढे पाच देशांत, त्यात पुन्हा बेळगावातही, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून, रुग्णालयातच तोच प्रयोग झाला. 2020 चा निकाल: मृत्यू शेकडा 23.5 वरून 19.6. म्हणजे पंचवीसेक आयांमागे एक बाळ वाचलं.

म्हणून बाळ पेटीत ठेवताना डॉक्टर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा कागद मागतात. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी आलेली असते, आणि फाइल राहिलेली असते सासरी.