दाट रेषा म्हणजे उंच डोंगर नव्हे

चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागतं. वर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, खाली वीजगृह आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, वाचायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा क्वचितच सापडेल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांच्या जुन्या क्रमांकपद्धतीत हा भाग ‘47 जी’ या गटात येतो. हे नकाशे हाती घेणाऱ्यांचे काही गैरसमज नेहमीचेच असतात.

गैरसमज : जिथे रेषा दाट, तिथे उंची जास्त.
वस्तुस्थिती : रेषांची दाटी उतार सांगते, उंची सांगतात ते आकडे. 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर दोन रेषांमध्ये साधारणपणे 20 मीटरचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड असते. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजगृहापर्यंत सुमारे 475 मीटर खाली येतं, म्हणजे तेवीस-चोवीस रेषांची उतरण. या रेषा घाटाच्या अंगाला खेटून बसलेल्या दिसतात. वरच्या पठारावर उंची जास्त असूनही रेषा विरळ होतात.

गैरसमज : दोन रेषांमधली मोकळी जागा सपाट असते.
वस्तुस्थिती : तिथे 20 मीटरपेक्षा कमी चढउतार आहे, एवढंच त्यातून कळतं. पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. माणसाला अडवायला तेवढाही पुरतो. म्हणून रेषांबरोबर कड्याची खूणही शोधावी.

गैरसमज : रेषेचं ‘व्ही’सारखं टोक पाणी वाहण्याची दिशा दाखवतं.
वस्तुस्थिती : नेमकं उलट. ओढ्याच्या घळीत ते टोक उगमाकडे, म्हणजे चढाकडे असतं. टोक उताराकडे असेल, तर ती डोंगराची सोंड. दोन्ही आकार सारखेच दिसतात, त्यामुळे आकडे कोणत्या बाजूला वाढतात ते पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. सोंड समजून घळीत उतरलेला माणूस धबधब्याच्या माथ्यावर जाऊन अडकतो.

गैरसमज : पाणी नेहमी निळ्या रंगात, काळी रेघ म्हणजे वाट.
वस्तुस्थिती : आपल्याकडच्या नकाशांत बारमाही पाणी निळं असतं, पण उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांची पात्रं काळ्या रेघेनं दाखवतात. कोकणात असे ओढे पावलोपावली. जूनमध्ये तेच दुथडी भरून वाहतात. वाट साधारणपणे तुटक रेघेनं दाखवलेली असते. खात्रीसाठी समासातली सांकेतिक खुणांची यादी पाहावी.

गैरसमज : नकाशावर चार सेंटिमीटर, म्हणजे दोन किलोमीटर, अर्ध्या तासाची चाल.
वस्तुस्थिती : अंतराचा हिशेब बरोबर, वेळेचा चूक. नकाशा आडवं अंतर दाखवतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये सुचवलेला आडाखा साधारण असा : पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. दोन किलोमीटरमध्ये 475 मीटर चढायचे असतील, तर चालीची 24 मिनिटं आणि चढाईची 48, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास. तेही चांगल्या वाटेवर, पाठीवर फारसं ओझं नसताना.

गैरसमज : जमिनीवर जे आहे, ते सगळं नकाशावर असतं.
वस्तुस्थिती : नकाशा सर्वेक्षणाच्या वर्षाचा असतो. धरणापूर्वीच्या नकाशात शिवसागर सापडणार नाही; तिथे कोयनेचं खोरं आणि त्यातली गावं दिसतील. पोफळीचं वीजगृह तर डोंगराच्या पोटात आहे, त्याचा पत्ता समोच्च रेषांना लागत नाही. शिवाय 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार काढलेल्या, सर्वांसाठी खुल्या नकाशांतून संवेदनशील ठिकाणं वगळली जात.

तेव्हा नकाशा उघडल्यावर नजर आधी समासाकडे जाऊ द्यावी. सर्वेक्षणाचं वर्ष, प्रमाण आणि रेषांमधलं उंचीचं अंतर या तीन गोष्टी तिथे छापलेल्या असतात. त्या वाचल्याशिवाय आखलेली घाटवाट हा निव्वळ अंदाज असतो.