उजाडायच्या आत घरी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला फोन वाजला. एम.ए.च्या वर्गातला विद्यार्थी होता. "सर, घरी सांगू नका, पण..." एवढे बोलून तो रडायलाच लागला. चोर्ला घाटात त्याची मोटरसायकल रस्त्याकडेच्या चरात गेली होती. मागे बसलेल्या मित्राचा हात मोडला होता. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून हा पठ्ठ्या अंधारात अर्धा किलोमीटर चालत वर आला होता. घरी 'अभ्यासाला मित्राकडे जातो' असे सांगून सकाळी गोव्याला गेलेले हे दोघे उजाडायच्या आत बेळगावात पोहोचायच्या घाईत होते.

वाचकहो, आपले दुखणे इथेच आहे. पुण्या-मुंबईचा मुलगा गोव्याला जातो तो दोन दिवस मुक्कामाला जातो. आपल्याला गोवा शे-सव्वाशे किलोमीटरवर. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी ओलांडले की झाले. त्यामुळे आपली पोरे सकाळी जाऊन रात्री परततात. दुपारी पितात आणि रात्री घाट चढतात. खोली घेतली तर मुक्काम होतो, मुक्काम झाला तर घरी खोटे उघडे पडते.

मी नंतर त्याला विचारले, किती प्यायला होतास? म्हणाला, "सर, दारू नाही, नुसती बिअर. दोन-दोन बाटल्या. संध्याकाळी दोन तास झोपलो, लिंबू-सोडा घेतला, मग निघालो." नुसती बिअर! मी मराठीचा माणूस, पण त्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली, त्यात अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये ते जेमतेम १३ मिलिलिटर असते. एक बाटली म्हणजे चार पेग झाले, दोन म्हणजे आठ. आपले यकृत साधारण तासाला एक लहान पेग निकालात काढते. त्याला घाई करता येत नाही. लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी माणूस जागा होतो, शुद्धीवर येत नाही. दुपारी तीनला संपवलेल्या दोन बाटल्या रात्री दहालाही अंगात असतात.

कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण पोलिसांपेक्षा मला घाटातल्या वळणांची भीती जास्त वाटते. पावसाळ्यात तिथे धुके असे उतरते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

दुसरी भीती समुद्राची. आपण नदी-विहिरीत पोहायला शिकलेली माणसे. लाटेखालून आत ओढणारा प्रवाह आपल्या ओळखीचा नाही. प्यायलेल्या माणसाला आपण किती आत आलो हे कळत नाही, आणि दमही लवकर तुटतो. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरूच नये. अंधार पडल्यावर तर मुळीच नाही, कारण तेव्हा मनोऱ्यावर जीवरक्षक नसतो. चुकून प्रवाहात सापडलेच, तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावे, ओढ संपली की मग परतावे. उपाशीपोटी फेणी घेण्याचा प्रकारही आहेच. मार्च-एप्रिलमध्ये मिळणारा हुर्राक फेणीपेक्षा सौम्य खरा, पण लिंबू-मीठ-मिरची घातलेला थंडगार ग्लास उन्हात सरबतासारखा उतरतो आणि मोजदाद राहत नाही.

आणि मित्र 'आउट' झाला की त्याला खोलीत उताणा टाकून बाकीचे फिरायला जातात, हे सर्वांत वाईट. उताण्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे, शेजारी कोणीतरी बसावे. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडले असेल तर 'झोपू दे' म्हणू नये. १०८ ला फोन करावा. काय आणि किती प्यायला ते डॉक्टरांना खरे सांगावे.

व्यसनमुक्ती सप्ताहात मी दरवर्षी भाषण करत आलो. पिऊ नका, एवढेच सांगत आलो. आजही तेच सांगेन. पण प्यायल्यावर काय करू नये हे वीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. शिक्षकाने ते सांगणे म्हणजे परवानगी दिल्यासारखे होईल असे वाटायचे.

त्या रात्री मी त्याचे ऐकले नाही. त्याच्या वडिलांना उठवले आणि आम्ही दोघे शेजाऱ्यांची गाडी घेऊन निघालो. जांबोटीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, यानं मला फोन का केला नाही?" मी म्हटले, "तुम्ही काय केलं असतं?" ते बराच वेळ गप्प होते. "कानाखाली मारली असती," म्हणाले, "पण आलो असतो."

ही गोष्ट त्यांनी मुलाला सांगितली की नाही, मला माहीत नाही. म्हणून इथे लिहिली.