वसंतातील पाण्याची वाट

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस, २० मार्च १९२७. आमच्या बेसिंगस्टोकमध्ये वसंतही त्याच सुमारास सुरू होतो. यंदा त्या दिवशी ईस्ट्रॉप पार्कमध्ये मुलांना लॉडन नदी दाखवून आणली आणि घरी पांढऱ्या कार्नेशनचे देठ तिरपे कापून निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवले. पाकळ्यांतून बाष्प निघून जाते, तसतसे देठातील सूक्ष्म नलिकांतून पाणी वर ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर निळ्या शिरा उमटल्या. धाकटीने विचारले, “फुलाला कुणी अडवत नाही, मग आपल्याला तळ्यावर का अडवलं?” ती बंदी निसर्गाची नव्हती, माणसांनी घातलेली होती, म्हणूनच माणसांना ती मोडता आली, असे आम्ही सांगितले. येत्या १४ एप्रिलला मुलांनी पाठ केलेल्या भाषणाऐवजी हाच प्रयोग करून दाखवावा, असे आम्हांस वाटते.