प्रकाशाच्या पोटांत

लातुरास बारावीसाठीं ठेवलेली आमची नात दिवाळीस नांदेडास आली ती "वैद्यक नको, पदार्थविज्ञान हवें" असें म्हणतच. घरांत चार दिवस कुरबुर चालली. आम्हांस त्या शास्त्राचा गंध नव्हता. म्हणून तिलाच समजावून सांगावयास बसविलें.

प्रोटॉनांत तीन क्वार्क असून ग्लुऑन त्यांस खळीप्रमाणें चिकटवून ठेवतात. क्वार्क दूर ओढले तरी बंध सैल होत नाहीं. ओढण्यांत खर्चिलेल्या शक्तींतूनच नवे क्वार्क व प्रतिक्वार्क जन्मतात. एकटा क्वार्क म्हणून कोणाच्याच हातीं लागत नाहीं. टकरींतून बाहेर येतात ते कणांचे झोत. १९७९ सालीं हांबुर्ग येथें तीन-तीन झोत दिसले, त्यांतील एक ग्लुऑनाचा ठरला.

प्रकाशकण याहून विलक्षण. प्रचंड शक्तीच्या टकरींत तोहि क्षणभर क्वार्क-प्रतिक्वार्कांची जोडी होऊन वागतो! त्यामुळें भावी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांत कणांचा केवढा गोंधळ माजेल, याचें गणित १९९१ सालीं ड्रीस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञासह मांडलें तें रोहिणी गोडबोले यांनीं. या बाई पुण्याच्या, हुजूरपागेंत शिकलेल्या. पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्राध्यापक. भारतीय स्त्रीशास्त्रज्ञांवरील ‘लीलावतीज् डॉटर्स’ हा २००८ चा ग्रंथहि त्यांच्या सहसंपादनाचा. ऑक्टोबर २०२४ मध्यें त्या निवर्तल्या.

भास्कराचार्यांच्या लीलावतींतील उदाहरणें आम्हीं वर्गांत हौसेनें घातलीं. तिच्या लेकी काय करीत असतील, हें मनांत आलें नाहीं.

चिरंजीवांस हें सर्व ऐकविलें. ते अद्याप उत्तर देत नाहींत. प्रवेशाचे अर्ज जूनांत भरावयाचे आहेत. आमचें मत मात्र आम्हीं सांगून ठेविलें आहे.