सूत्रकृमी आणि पेशीकेंद्रकाची घडण

कल्याणच्या बाजारात टाकून दिलेली फळे कुजू लागली, अथवा ठाणे-डोंबिवलीकडील एखाद्या सोसायटीने ओल्या कचऱ्याचे खत करावयास घेतले, की तेथे जीवाणू वाढतात आणि त्यांवर जगणारे सूक्ष्म सूत्रकृमीही मागोमाग येतात. कृमी म्हटले की आपल्याकडे पोटातील जंतच डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या वर्गातील असंख्य जाती कोणाच्याही पोटात न शिरता मातीत सुखाने नांदतात. अशीच एक जात म्हणजे सीनोरॅब्डायटिस एलेगन्स. नाव भारदस्त, लांबी जेमतेम एक मिलिमीटर! जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा तिचा वाण इंग्लंडमध्ये ब्रिस्टलनजीक अळंबीच्या खतातच मिळालेला होता.

सिडनी ब्रेनर यांनी १९६३ साली या कृमीची संशोधनासाठी निवड केली. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या देहात ९५९ कायिक पेशी असतात व त्यांतील प्रत्येकीची वंशावळ ज्ञात आहे. देह पारदर्शक असल्यामुळे जिवंतपणीच पेशींचे अंतरंग पाहता येते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांनी चेतापेशींतील वाहतुकीच्या अभ्यासासाठी हाच कृमी उपयोगात आणला आहे.

क्रमिक पुस्तकांतील आकृत्यांमुळे केंद्रक म्हणजे आनुवंशिक द्रव्याची पिशवी, अशी समजूत होते. वस्तुतः त्याच्या आवरणाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनाचे अस्तर असते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पातळ पत्रा. पण हे अस्तर पत्र्यापेक्षा विणलेल्या जाळ्याशीच अधिक जुळते. ते केंद्रकाला आकार देते आणि निद्रिस्त जनुकांना कडेशी धरून ठेवते. मनुष्यात लॅमिनची तीन जनुके आहेत, कृमीत एकच. त्यामुळे त्यात दोष उत्पन्न झाल्यास उणीव भरून काढणारे दुसरे लॅमिन नसते. ते दडपले असता कृमीचे भ्रूण जगत नाहीत.

याचा मानवी रोगांशी संबंध काय? एमरी-ड्रायफस स्नायुअपक्षयात बालपणीच कोपर व घोटे आखडू लागतात, स्नायू क्षीण होतात आणि पुढे हृदयाची लय बिघडते. या रोगाचे एक कारण लॅमिन ए या प्रथिनाच्या जनुकातील दोष होय, असे १९९९ मध्ये आढळले. येथे एक कोडे उभे राहिले. लॅमिन ए शरीरातील बहुतेक पेशींत असते. मग घाला स्नायूंवरच का? हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात वीणा पारनाईक यांनी स्नायुपेशींच्या घडणीतील लॅमिनचे कार्य अभ्यासले होते. कृमीवरील २०११ मधील प्रयोगाने या कोड्यावर निराळा प्रकाश टाकला. रुग्णांत आढळणारा दोष कृमीच्या लॅमिनमध्ये घातला असता, स्नायुपेशींत जी जनुके कडेपासून सुटून आत सरकावयास हवीत ती कडेलाच अडकून राहिली; आतड्याच्या पेशींतील जनुके मात्र यथास्थित सुटली. त्या कृमींचे स्नायूही दुबळे निघाले.

प्रोजेरिया या अकालवार्धक्याच्या रोगाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ‘पा’ या २००९ च्या चित्रपटामुळे त्याचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. लॅमिन ए च्या जनुकातील एका अक्षराच्या फेरबदलाने तो होतो, हे २००३ मध्ये कळले. या फेरबदलामुळे जे सदोष प्रथिन बनते त्याची स्निग्ध शेपटी गळून पडत नाही, आणि केंद्रक वेडेवाकडे होते. निरोगी कृमीही म्हातारा झाला की त्याची केंद्रके अशीच विरूप होतात. कृमीचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचेच; तेव्हा त्याचे वार्धक्य पाहावयास फार थांबावे लागत नाही. ही शेपटी जोडण्याची क्रिया रोखली असता वृद्ध कृमींच्या केंद्रकांचा आकार सुधारला, परंतु आयुष्य वाढले नाही, असे २०१० मध्ये दिसून आले. उलट, तीच क्रिया रोखणारे लोनाफार्निब हे औषध प्रोजेरियाच्या बालकांचे आयुष्य काही अंशी वाढविते. अमेरिकेत त्यास २०२० मध्ये मान्यता मिळाली. हा विरोध वरवरचा आहे. बालकांच्या पेशींत विकृत प्रथिन साचलेले असते. प्रयोगातील कृमी केवळ वयाने म्हातारे झालेले होते.